शेतावरची तीनशे पंधरा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि सीमेपलीकडे चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात परवान्याची बंदूक असलेली घरं आजही सापडतात. बहुतेकांकडे असते ती ठासणीची, नाहीतर बारा बोअरची, एकनळी किंवा दुनळी. थोड्या घरांत मात्र तिसरंच हत्यार निघतं: ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली ०.३१५ बोअरची रायफल. लोक तिला नुसतं ‘तीनशे पंधरा’ म्हणतात. दिसायला ओबडधोबड, लाकूड साधं, पॉलिश जेमतेम, पाहणारा पटकन हातात घेईल असं तिच्यात काही नाही. विलायती रायफलीच्या किमतीपुढे हिची किंमत कधीच कुणी मोठी धरली नाही. तरी नळी धड असलेली जुनी तीनशे पंधरा नेमबाजीच्या मैदानावर १०० मीटरवरच्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसवते. नळीच्या टोकावरच्या उघड्या माशीने नेम धरून, दुर्बीण न लावता.

एवढ्या स्वस्तात हे कसं जमतं, ते उलगडून पाहण्यासारखं आहे. थोडक्यात सांगायचं तर या रायफलीची काटकसर मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या भागात झाली. गोळी सरळ जाण्याशी ज्या भागांचा संबंध असतो, ते सैन्याच्या रायफलीच्या घडणीचे आहेत.

आधी मापाचं बघू. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती नळी. म्हणून बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. सोळा बोअर बारापेक्षा अरुंद असते. रायफलीचं माप मात्र सरळ इंचात सांगतात. ०.३१५ इंच म्हणजे बरोबर ८ मिलिमीटर. हे नळीच्या आतल्या पोकळीचं माप आहे, गोळीचं नाही. गोळी त्याहून किंचित जाड असते. ती जाड का, ते पुढे येईल.

हे विचित्र माप आपल्याकडे आलं कसं, याचं उत्तर कायद्यात आहे. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात खासगी माणसांना ०.४५० बोअरच्या रायफली बंद केल्या. त्या मापाच्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफली सरहद्दीवर आणि इतरत्र फिरत होत्या, आणि शिकाऱ्यांच्या नावाने आलेली काडतुसं त्यांच्यापर्यंत पोचतील अशी सरकारला धास्ती होती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशी शेजारची मापं काढली आणि राजेरजवाड्यांना विकली. सैन्याच्या ०.३०३ काडतुसाचीही तीच गत. छावणीतून चोरीला गेलेलं काडतूस बाहेरच्या कुठल्याही रायफलीत बसता कामा नये, हा हिशेब. मग साध्या माणसाने, म्हणजे जमीनदाराने, वनखात्याच्या अधिकाऱ्याने, चहाच्या मळ्यावरच्या मॅनेजरने काय वापरायचं? त्यावर तोडगा निघाला तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातल्या ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसाचा. इंग्रजी फौजेत ते कुठेच नव्हतं, त्यामुळे चोरून कुणाला उपयोग नव्हता. बी.एस.ए. कंपनीने आपल्या नेहमीच्या ली रायफलीच्या सांगाड्यात त्या मापाची नळी बसवली आणि हिंदुस्थानच्या बाजारासाठी रायफल तयार झाली. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी असलेल्या ईशापूर रायफल फॅक्टरीने तीच वाट पुढे चालवली. पुढे तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीच्या कारखान्यातूनही ती निघू लागली.

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आणि शस्त्रं बघितली की शिकारीच्या त्या काळाचा एक थर दिसतो: संस्थानिक, पाहुणे साहेब, लंडनच्या दुनळी रायफली. तीनशे पंधरा त्या थरातली कधीच नव्हती. ती दुय्यम माणसाची रायफल.

आता सांगाड्याकडे. तीनशे पंधराची पाठ, म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात सरकतो ते पोलादी घर, थेट ली-एन्फील्डचं आहे. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडात जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत काम केलेला कारागीर. त्याची बोल्टची रचना इंग्रज सैन्याने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफलीत घेतली, १८९५ मध्ये तिला एन्फील्डची नळी मिळाली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती आखूड होऊन आपल्या ओळखीची ‘थ्री नॉट थ्री’ झाली. बेळगावात १९२२ पासून मराठा पलटणीचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या मैदानावर घडलेल्या कित्येक पिढ्यांच्या खांद्याला हीच रायफल होती. १९६२ च्या चीन युद्धातही आपल्या जवानांच्या हातात मुख्यतः तीच होती. त्यामुळे चंदगड-गडहिंग्लजकडचा निवृत्त हवालदार तीनशे पंधराचा बोल्ट पहिल्यांदा ओढतो तेव्हा त्याला काही शिकवावं लागत नाही. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० मध्ये. इतकी वर्षं टिकलेल्या यंत्रात काहीतरी असणारच.

ते काय आहे, ते बोल्ट चालवून बघू. रायफल रिकामी आहे, मॅगझीन काढलेलं आहे, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून खात्री केली आहे, असं धरून.

बोल्टची मूठ वर उचलायची. ती पूर्ण काटकोनात उचलावी लागत नाही, साधारण ६० अंशांतच बोल्ट मोकळा होतो. मूठ वर येते तेव्हाच बोल्ट उतारावरून किंचित मागे सरकतो आणि चेंबरमध्ये चिकटलेलं रिकामं काडतूस सैल करतो. मग बोल्ट मागे ओढायचा. त्याच्या तोंडाशी असलेली नखी काडतुसाच्या बुडाची कड धरून ते बाहेर काढते आणि शेवटाला ते बाजूला फेकलं जातं. आता बोल्ट पुढे ढकलायचा. मॅगझीनमधलं वरचं काडतूस त्याच्या पुढे लोटलं जातं आणि चेंबरमध्ये शिरतं. शेवटच्या इंचभर अंतरात हाताला जोर लागतो, कारण तिथे फायरिंग पिनची स्प्रिंग दाबली जाते. मूठ खाली केली की बोल्ट फिरून कुलूपबंद होतो.

या साध्या हालचालीत दोन हुशाऱ्या दडल्या आहेत. पहिली म्हणजे स्प्रिंग बंद करताना दाबली जाते, उघडताना नाही. जर्मन मॉझरच्या गाजलेल्या १८९८ च्या रायफलीत ते उलट असतं. धूळ किंवा उष्णतेमुळे काडतूस अडकलं तर मॉझर उघडणाऱ्या हाताला एकाच झटक्यात दोन कामं पडतात: काडतूस सोडवणं आणि स्प्रिंग दाबणं. लीच्या रचनेत उघडताना एकच काम. म्हणून जुनी, मळकी रायफलही सहज उघडते. दुसरी हुशारी कुलपाच्या जागेची. मॉझरच्या बोल्टचे अडसर पुढे, चेंबरजवळ असतात. लीचे अडसर मागे असतात. त्यामुळे बोल्टला मागे कमी अंतर जावं लागतं आणि अडसरांच्या खाचा चेंबरजवळच्या काजळीपासून लांब राहतात.

मागच्या अडसरांचा तोटाही आहे. बार उडताना सगळा दाब बोल्टच्या लांबीभर पोचतो आणि पोलाद क्षणभर केसभर ताणलं जातं. फार जोरदार काडतुसांना ही रचना मानवत नाही. तीनशे पंधराचं काडतूस मध्यम दाबाचं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचं आहे, आणि सांगाडा त्याच काळाचा. जोडी जमते. ईशापूरने पुढे ०.३०-०६ या जास्त जोमदार काडतुसाचीही रायफल काढली, पण साधेपणात तीनशे पंधराच पुढे आहे असं माझं मत.

चाप ओढला की पुढचं सगळं डोळ्याला दिसण्याआधी होऊन जातं. फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावरच्या छोट्या टोपीवर आदळते, टोपीतला स्फोटक कण पेटतो, त्याची ठिणगी आतल्या दारूला लागते. ही दारू जुन्या काळ्या दारूसारखी धुराचा लोट सोडत नाही. ती पेटून वायू होते आणि चेंबरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला अडीच-तीन हजार किलोच्या घरात दाब तयार होतो. पितळेचं काडतूस त्या दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं आणि वायूला मागे यायला वाट ठेवत नाही. हे काम पितळच करतं, म्हणून काडतूस नुसतं पुडकं नाही, तो यंत्राचाच एक भाग आहे. गोळी पुढे सुटते. दाब उतरला की पितळ जरासं आक्रसतं आणि बाहेर निघायला तयार होतं.

गोळी नळीत शिरते तेव्हा तिची जाडी कामाला येते. नळीच्या आत स्क्रूसारखे आटे कोरलेले असतात. पोकळीचं माप ८ मिलिमीटर आहे ते दोन उंचवट्यांमधलं, आणि गोळी त्याहून थोडी जाड असल्यामुळे तिचं तांब्याचं कवच उंचवट्यांत रुततं. पुढे जायचं तर तिला आट्यांबरोबर फिरावंच लागतं. थ्री नॉट थ्रीच्या नळीत दर दहा इंचांना एक फेरा असतो आणि तिची गोळी सेकंदाला सुमारे २४०० फूट जाते. गुणाकार केला तर गोळी नळीबाहेर पडताना सेकंदाला जवळजवळ २९०० गिरक्या घेत असते. तीनशे पंधराची गोळी जड आणि थोडी संथ, तरी तीही याच जातीतली. या गिरकीमुळे गोळी भोवऱ्यासारखी आपल्या आसावर उभी राहते, हवेत कोलमडत नाही.

ठासणीच्या बंदुकीची नळी आतून सपाट असते. तोंडातून दारू, मग बोळा, मग गोळी किंवा छर्रे गजाने ठासायचे. गोळी आत जाण्यासाठी नळीपेक्षा बारीक असावी लागते, त्यामुळे सुटताना ती नळीच्या भिंतींना कुठेतरी घासत, आपटत बाहेर येते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूने बसला त्याप्रमाणे कुठेही गिरकी घेते. चाळीसएक पावलांपलीकडे तिच्या गोळीचा भरवसा धरण्यात अर्थ नाही. बारा बोअरचे छर्रेही तेवढ्यातच कामाचे. म्हणजे तीनशे पंधराची तुलना आपल्या भागात लोक ज्यांच्याशी करतात, त्या दोन्ही बंदुका मुळात वेगळ्या कामासाठी आहेत. ‘हिची गोळी सरळ जाते’ हे कौतुक बऱ्याच अंशी आट्यांचं आहे, ईशापूरचं नाही.

तरीही स्वस्तातली प्रत्येक रायफल तळहातात गोळ्या बसवत नाही, तेव्हा ईशापूरच्या वाट्याचं श्रेय कुठे आहे ते पाहावं लागतं. त्याचं एक उत्तर लाकडात सापडतं. लष्करी थ्री नॉट थ्रीला नळीच्या तोंडापर्यंत लाकूड असतं. हे लाकूड पावसाळ्यात फुगलं, उन्हाळ्यात आकसलं की नळीला कुठेतरी दाबतं, आणि गोळीची जागा बदलते. फौजेतले कारागीर ते लाकूड आतून घासून जुळवण्यात आयुष्य घालवत. तीनशे पंधराला लाकूड अर्ध्यावरच थांबतं, पुढची नळी मोकळी. लाकूड वाचलं, वजन साडेतीन किलोच्या आसपास उतरलं, आणि न मागता नळीच्या मागची एक पीडाही गेली. काटकसरीने गुण वाढल्याची अशी उदाहरणं फार नसतील.

दुसरं उत्तर काडतुसात आहे. गोळी सुमारे १६ ग्रॅमची, बोथट तोंडाची, आणि वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आगेमागे. आजच्या टोकदार, वेगवान गोळ्यांसमोर हे आकडे म्हातारे वाटतात. पण लांब जड गोळीला मध्यम वेग मिळाला की ती नळीवर अत्याचार करत नाही. आटे लवकर झिजत नाहीत. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीची रायफल, नीट पुसली असेल तर, आतून अजून चकचकीत सापडते. नेम बिघडवणारी नळीची झीज इथे दारूपेक्षा गंजाने होते. त्याकडे येऊच.

गोळी नळीबाहेर पडली की गुरुत्वाकर्षण तिचा ताबा घेतं. सेकंदाला ६०० मीटरच्या वेगाने १०० मीटर जायला तिला ०.१७ सेकंदांच्या आसपास लागतात, आणि तेवढ्या वेळात ती नळीच्या सरळ रेषेखाली १४ सेंटिमीटरभर येते. म्हणून माशी आणि मागची खाच अशा बसवलेल्या असतात की नजर सरळ असताना नळी किंचित वर रोखलेली असते. रायफल १०० मीटरवर जुळवली तर ५० मीटरवर गोळी नजरेच्या रेषेपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर वर लागते. म्हणजे जवळपासच्या सगळ्या अंतरावर काहीही न बदलता नेम धरता येतो. पण २०० मीटरवर तीच गोळी ३० सेंटिमीटरच्या आसपास खाली जाते, आणि त्यापुढे घसरण झपाट्याने वाढते. तीनशे पंधरा चांगली वाटते ती या पहिल्या दीडशे मीटरांत. त्यापलीकडे तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करणाऱ्याला निराशाच मिळेल, आणि तो दोष रायफलीचा नाही.

नेमाचं साधनही या अंतराला साजेसं आहे. पुढची माशी १०० मीटरवर जवळजवळ वीतभर रुंदीचं लक्ष्य झाकते. एवढ्या जाड माशीने बारीक काम होत नाही असं वाटतं, पण डोळा एखाद्या वस्तूच्या कडेचा मध्य शोधण्यात फार पटाईत असतो. काळ्या वर्तुळाच्या बुडाशी माशीचा माथा टेकवायचा, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवायचा. फौजेतली माणसं याला शिस्त घेणं म्हणतात. चाप दोन टप्प्यांचा असतो: पहिली ओढ सैल, मग एक जागा येते जिथे तो अडतो, आणि तिथून थोडा जोर दिला की बार. नवख्याला हा चाप जड आणि खरखरीत वाटतो. ईशापूरने इथेही पैसे वाचवले, आणि मला तिची सर्वांत उणी बाजू हीच वाटते. पहिला टप्पा संपवून श्वास सोडून थांबायची सवय लागली की त्याचा त्रास कमी होतो, पण जात नाही.

जुनी रायफल परवान्यावर हस्तांतरित होऊन घरी येते तेव्हा ती पारखायची कशी? बाहेरचं पॉलिश सोडून द्यावं. आधी बोल्टवरचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक एक आहे का पाहावं. लीच्या रचनेत बोल्टचं डोकं वेगळं असतं, आट्यांवर बसवलेलं, आणि प्रत्येक रायफलीला ते निवडून, जुळवून दिलेलं असतं. काडतुसाच्या बुडामागे किती फट राहते ते यावर ठरतं. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसतो, चालतोही, पण फट जास्त झाली तर पितळ मागे फाटू शकतं. क्रमांक वेगळे असतील तर बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या माणसाकडून मापून घेतल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नये. मग बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघावं. आट्यांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. सगळ्यात बारकाईने बघायचं ते नळीचं तोंड, कारण गोळीला शेवटचा स्पर्श तिथे होतो. साफ करताना पोलादी गज तोंडाकडून घालणाऱ्या हाताने तिथली गोलाई एका बाजूला झिजवलेली असते, आणि मग बाकीची नळी आरशासारखी असूनही गोळ्या पसरतात. ली रायफलीचा बोल्ट सहज निघतो, त्यामुळे मागून साफ करता येतं. फौजेत दोरीचं पुलथ्रू देत ते याचसाठी.

मॅगझीनमध्ये पाच काडतुसं बसतात. या काडतुसांच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे यायला हवी. उलट झालं तर वरचं काडतूस पुढे जाताना खालच्याला अडकतं आणि बोल्ट मधेच थांबतो. रायफल अडते अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचं घोडं इथे अडलेलं असतं.

आणि आता गंज. जुन्या देशी काडतुसांच्या टोपीत क्लोरेट जातीचा पदार्थ असे. तो जळाला की नळीत मिठासारखा क्षार राहतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. बुडावर के.एफ. ही खडकीच्या कारखान्याची अक्षरं असलेली जुनी काडतुसं कुणाकडे असतील तर ती याच प्रकारची आहेत असं धरून चालावं. बार काढल्यावर नुसतं तेल फिरवलं तर क्षार तेलाखाली तसाच राहतो आणि आपलं काम करत राहतो. क्षार विरघळतो पाण्यात. म्हणून गोऱ्या सोल्जरपासून आपल्या जवानांपर्यंत सगळे नळीतून उकळतं पाणी ओतत, गरम नळी स्वतःच कोरडी होई, मग चिंधी, मग तेल. कणकुंबी, आंबोलीकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला ओल्या हवेत हे त्याच दिवशी का करायचं ते सांगायला नको. निपाणीकडे हवा कोरडी, तिथे आळस थोडा खपतो.

एवढी गुणी रायफल असून आपल्या भागात ती थोड्याच घरांत का, याला कारणं आहेत. एक म्हणजे ती इथल्या खऱ्या कामाला बेताचीच उपयोगी. खानापूर, जांबोटीकडे भाताच्या वाफ्यांत आणि निपाणी-चंदगडकडे उसात येणारं जनावर म्हणजे रानडुक्कर, आणि डोंगराच्या कडेला गवे. शेतकऱ्याला रात्री हवा असतो तो आवाज. ठासणीच्या बंदुकीत नुसती दारू ठासून बार काढला की कळप उधळतो, गोळी लागतच नाही. रायफलीचा बार म्हणजे गोळी सुटणारच, आणि ती कुठेतरी पडणारच. तीनशे पंधराची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटरपलीकडेही माणूस मारू शकते. छर्रे शे-दोनशे मीटरांत दम टाकतात. उसाच्या फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या खोप्या असतात, वाड्या-वस्त्या विखुरलेल्या, बांधावर कुणी बॅटरी घेऊन पाणी पाजत असतो. अशा मुलखात गोळीमागे मातीचा चढ असल्याशिवाय रायफल रोखणं म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ.

दुसरं कारण कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरालाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना, हा समज अजून भेटतो आणि तो तुरुंगापर्यंत नेतो. ज्या कामासाठी ही रायफल ‘शिकारी रायफल’ म्हणून विकली गेली, ते काम कायद्याने जवळजवळ संपलं आहे. उरतं ते मैदानावरचं निशाण आणि घराचं संरक्षण. कर्नाटकातच कोडगूच्या कोडवांना पूर्वापार परवान्यातून सूट आहे. बेळगावला तसं काही नाही.

सीमाभागाची एक खास अडचण परवान्यावरच्या एका ओळीत असते. परवाना कुठल्या हद्दीत चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य, किंवा संपूर्ण भारत. निपाणीच्या शेतकऱ्याची जमीन कोगनोळीच्या नाक्यापलीकडे कागल तालुक्यात असेल, किंवा बेळगावच्या पश्चिमेकडच्या माणसाची शिनोळीकडे, आणि परवाना फक्त कर्नाटकापुरता असेल, तर बांध ओलांडताच त्याच्या हातातली रायफल बेकायदा ठरते. इथे दोन्हीकडे भाषा एक, नातीगोती एक, कुत्री-मांजरंही ये-जा करतात, पण बंदुकीला सीमा कळते. त्यात दोन्ही राज्यांच्या निवडणुकांच्या वेळा वेगळ्या. मतदान जवळ आलं की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो.

बाजारातल्या किमतीचंही कोडं याच कायद्यांनी घातलं आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. देशात आधीपासून असलेल्या विलायती रायफली हातोहात फिरत राहिल्या आणि त्यांच्या किमती चढत गेल्या. तीनशे पंधरा मात्र कारखान्यातून येतच राहिली, त्यामुळे जुनीला भाव चढला नाही. उत्तर भारतात या काडतुसाची दुसरी कुप्रसिद्धी आहे. काडतूस मिळतं म्हणून तिथले चोरटे कट्टे याच मापाचे बनतात. वर्तमानपत्रात ‘३१५ बोअर’ वाचलं तर बहुधा तो कट्टा असतो, ही रायफल नाही, आणि दोघांत गोळीच्या मापाखेरीज काहीही सारखं नाही.

आज या रायफली बहुतेक वारशानेच हलतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक वारला तर वारस अर्ज करू शकतो. धारकाचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असेल, तर तो हयातीतच वारसाच्या नावे करण्याची सोय आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांकडे. कागद पुरे होईपर्यंत रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावी लागते, आणि हे कधीकधी महिनोन् महिने चालतं. अशा वेळी ती देण्याआधी नळी आतून गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावून द्यावी, आणि पावतीवर सांगाड्याबरोबर बोल्टचाही क्रमांक लिहून घ्यावा. एकाच कपाटात दोन-चार रायफली ठेवल्या, बोल्ट वेगळे काढून ठेवले, आणि परत देताना अदलाबदल झाली, तर घरी येते ती नावाला तीच तीनशे पंधरा.